त्रिपोलियावरचे आठ सिलिंडर

जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे सवाई जयसिंहाने १७२७ साली पाया घातलेल्या त्या तटबंद शहरात, रस्त्याची रुंदी ही घरमालकांच्या मर्जीवर कधी सोडलेली नव्हती. राजरस्ता १११ फुटांचा, त्याला मिळणारा दुय्यम रस्ता साधारण त्याच्या निम्मा, त्याहून आतला रस्ता २७ फुटांचा आणि घरांच्या उंबरठ्यांशी जाऊन थांबणारी अखेरची गल्ली साडेतेरा फुटांची, अशी ही उतरती श्रेणी राज्याच्या हिशेबदप्तरातून पुढे आलेल्या विद्याधर भट्टाचार्य नावाच्या बंगाली पंडिताच्या देखरेखीखाली आखली गेली, आणि हत्ती, रथ, उंट व पालखी ह्यांच्या चालीचा अदमास घेऊन केलेले ते माप आज जवळजवळ तीनशे वर्षांनंतरही शहराने बरेचसे सांभाळून ठेवले आहे.

ह्याच साडेतेरा फुटी गल्ल्यांपैकी एकीच्या तोंडाशी एका संध्याकाळी मी उभा होतो, आणि माझ्यासमोर १९५९ सालची शेव्हरोले इम्पाला उभी होती. लांबी साडेसतरा फुटांहून थोडी अधिक, रुंदी सहा फूट आठ इंच, मागच्या बाजूस पंख पसरून बसलेल्या घारीसारखे दोन आडवे पत्र्याचे पंख, आणि त्यांच्या पोटाशी थेंबाच्या आकाराचे दोन लाल दिवे. माझे यजमान, ज्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली आणि ज्यांनी स्वतः तिच्या पुढच्या बाकावर पाय लोंबकळत ठेवून आपले बालपण काढले, ते हसून म्हणाले, की ह्या गल्लीत अशा दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या केल्या तर भिंतींना मिळून बरोबर दोन इंच उरतात. मी मनातल्या मनात बेरीज केली. ती खरी होती. गाडी आडवी मात्र करता येत नाही, कारण गल्लीच्या रुंदीहून तिची लांबी चार फुटांनी जास्त आहे. म्हणून ती रोज मागे घेतच घरी येते.

अशा गाडीला ह्या शहरात धावता येणार नाही हे उघड आहे. तरीही तिच्या आठवणी सांगणारे लोक इथे आहेत. मात्र त्या आठवणी ऐकत असता एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते, ती ही, की अमेरिकेतला शौकीन आपल्या गाडीविषयी बोलू लागला म्हणजे ती किती वेगाने धावली ते सांगतो, आणि चारदीवारीतला शौकीन ती कुठे कुठे थांबली ते सांगतो. माझ्या यजमानांकडे तर ह्याचा लेखी पुरावाच आहे. त्यांच्या वडिलांनी गाडीसाठी लाल कापडात बांधलेली एक लांबट वही केली होती, आणि तिच्यात पेढीवरच्या रोजनाम्याप्रमाणे तीन रकाने आखले होते: तारीख, थांबण्याचे ठिकाण, कारण. वेगाचा रकाना त्या वहीत नाही.

हा फरक समजून घ्यावयाचा तर अमेरिकेतला रस्ता प्रथम डोळ्यांपुढे आणला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्या देशात पेट्रोल स्वस्त होते, अंतरे प्रचंड होती, रस्ते सरळ आणि रुंद होते, आणि युद्धसामग्री घडविण्यात तरबेज झालेले कारखाने आता मोटारींसाठी मोकळे झाले होते. १९४९ साली ओल्ड्समोबिल कंपनीने ‘रॉकेट’ नावाचे आठ सिलिंडरांचे नवे इंजिन तुलनेने हलक्या गाडीत बसविले. १९५५ साली क्रायस्लरने नावातच आपली अश्वशक्ती मिरविणारी ‘३००’ ही गाडी काढली, आणि त्याच वर्षी शेव्हरोलेने २६५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचे, आटोपशीर व स्वस्त व्ही-एट इंजिन सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती दिले. आपल्याकडे पुढे घरोघरी झालेल्या अँबॅसडरचे इंजिन दीड लिटरच्या आसपास होते, एवढे सांगितले म्हणजे प्रमाण कळते. १९६४ साली पाँटिअॅकची जीटीओ आणि फोर्डची मस्टँग बाजारात आल्या, आणि मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्यात मोठे इंजिन घालण्याची जी चढाओढ लागली तिच्यातून पिळदार दंडांच्या पहिलवानाची आठवण करून देणारी ‘मसल कार’ ही जात जन्मास आली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर तरुण मुले रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लावीत, आणि पाव मैलाचे अंतर किती सेकंदांत कापले ह्यावर माणसाची पत ठरे. चांगली जीटीओ ते पंधरा सेकंदांच्या आसपास कापी. पुढे १९७० चा हवेच्या शुद्धतेचा कायदा आला, १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले, विम्याचे हप्ते वाढले, आणि ही चढाओढ एका दशकातच आटोपली. आज त्याच वुडवर्डवर दर ऑगस्टात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, आणि पांढऱ्या केसांचे गृहस्थ आपल्या तरुणपणाचे सेकंद एकमेकांस सांगतात.

आता जयपूरचा हिशेब पाहावा. बडी चौपड ते छोटी चौपड ह्या दोन चौकांमधले, त्रिपोलिया बाजारातले, अंतर सुमारे अर्धा मैल आहे, म्हणजे अमेरिकन शर्यतीचे पाव मैल तिथे बरोबर दोन बसतात. ते अंतर आम्ही त्या संध्याकाळी वीस मिनिटांत कापले. पुढे ई-रिक्षा, मागे भांड्यांचा हातगाडा, डावीकडे दुभाजकाशी उभे ठाकलेले एक निश्चिंत गोमातेचे कुटुंब, आणि त्या सर्वांमधून १८५ अश्वशक्तींचा तो पसारा पायी चालणाऱ्या माणसाहूनही संथ गतीने सरकत होता.

इथे वाचकांस एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या गुणामुळे ही गाडी अमेरिकेत वेगवान ठरली, त्याच गुणामुळे ती जयपुरात संथ चालू शकते. मोठ्या इंजिनाची ओढ फेरे कमी असतानाच पूर्ण जोरात असते. लहान इंजिनाला जोर येण्यासाठी ओरडावे लागते, ह्याला लागत नाही. त्यामुळे गर्दीत गिअर न बदलता, धक्का न देता, जवळजवळ पावलांच्या आवाजात ती चालते. आणि तिचा तो प्रसिद्ध घुमारा, जो ऐकून जाणकार माणूस वळून पाहतो, त्याचेही कारण साधे आहे: इंजिनाच्या दोन्ही अंगांस चारचार सिलिंडर असले तरी एका अंगाचे स्फोट समान अंतराने होत नाहीत, कधी दोन लागोपाठ तर कधी मध्ये विराम, आणि ह्या विषम ठेक्यामुळे धुराड्यातून एकसुरी गुणगुण न येता पखवाजावर सैल हाताने वाजविल्यासारखा नाद येतो. त्रिपोलिया बाजाराच्या ओळीबद्ध कमानींखाली तो नाद दोन्ही बाजूंनी परत येतो. यजमान म्हणाले, की अंधारात डोळे मिटूनही ही आपली गाडी की दुसऱ्याची, ते त्यांस सांगता येते.

ह्या गाड्या इकडे आल्या तरी कशा? पहिली वाट अर्थातच संस्थानिकांची. जयपूर दरबाराचे छत्तीस कारखाने प्रसिद्ध होते, जसे मराठी राज्याचे अठरा कारखाने; त्यांत फीलखाना हत्तींचा, रथखाना रथांचा, बग्गीखाना बग्ग्यांचा, आणि मोटार आली तेव्हा तिचीही सोय ह्याच जुन्या तजविजीच्या पोटात झाली. हत्तीला जसा माहूत, वैद्य आणि रोजचा खुराक नेमून दिलेला, तसाच मोटारीला शोफर, मिस्त्री आणि तेलाचा शिधा नेमून मिळाला. अमेरिकन गाड्या संस्थानिकांस पसंत पडण्याचे कारण निव्वळ दिमाख हे नव्हते. कच्च्या रस्त्यांना पुरेल इतकी जमिनीपासूनची उंची, भक्कम चौकट आणि कमी कुरकुर करणारे मोठे इंजिन ह्या गोष्टी मुलुखगिरीस उपयोगी होत्या.

मराठी वाचकाला ह्या प्रकरणातले सर्वांत झळाळते नाव आपल्याच घरातले आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे जातीची गाडी घेतली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांकडून दोन आसनांचा लांबसडक सांगाडा चढविला, आणि ती गाडी आजही जगातल्या संग्राहकांच्या बोलण्यात ‘महाराजा होळकरांची’ म्हणूनच ओळखली जाते. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचे इंजिन, आणि हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती, हे आकडे त्या काळात चमत्कारासारखे वाटत. ड्यूसेनबर्गच्या तबकडीवर तर आणखी एक गंमत होती: ठरावीक मैल झाले म्हणजे तेल बदला, बॅटरीत पाणी घाला, अशी आठवण करून देणारे दिवे आपोआप लागत. ज्या होळकरांच्या मूळपुरुषाच्या फौजेची चाहूल लागताच १७५० च्या डिसेंबरात जयपूरच्या ईश्वरीसिंहाने विष घेतले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १७५१ मध्ये, ह्याच चारदीवारीचे दरवाजे लावून आत सापडलेल्या मराठ्यांची कत्तल झाली, त्याच घराण्याच्या वंशजाचे नाव जवळजवळ दोनशे वर्षांनी एका अमेरिकन मोटारीशी जोडले जावे, ह्यात इतिहासाची विनोदबुद्धी दिसते. जयपूर आणि मराठे ह्यांचा संबंधही पुढे तलवारीचा राहिला नाही. महाराजा सवाई मानसिंह दुसरे ह्यांच्या पत्नी गायत्रीदेवी ह्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नात, त्यांच्या कन्या इंदिराराजे ह्यांच्या पोटच्या.

दुसरी वाट मुंबईची. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, फोर्डही मुंबईत आली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ व डीसोटो बाहेर पडू लागल्या. त्यामुळे राजाच्या गाडीखेरीज वकिलाची, डॉक्टरची, जवाहिऱ्याची अमेरिकन गाडी हीही चारदीवारीत दिसू लागली. मग १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले, की ज्यांना इथे सुटे भाग घडवून गाडी तयार करावयाची असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनी गाशा गुंडाळला, आणि परदेशी गाडीचा रस्ता जवळजवळ बंद झाला. उरली तिसरी वाट, दिल्लीची: परदेशी वकिलातींतील अधिकारी आपल्या गाड्या मागे ठेवून जात, त्या सरकारी व्यापार महामंडळाच्या मार्फत विकल्या जात. यजमानांची इम्पाला ह्याच वाटेने आली. म्हणूनच तिचे चालकचक्र डाव्या हाताला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या बालपणी त्यांना घरात एक हुद्दा होता. डाव्या बाजूस बसलेल्या वडिलांना पुढच्या ट्रकच्या पलीकडचे दिसत नसे. उजव्या बाजूस बसलेला मुलगा मान बाहेर काढून पाही आणि ‘आने दो’ किंवा ‘रुको’ असा हुकूम देई. ‘मी आठव्या वर्षी वडिलांना आज्ञा करीत असे, आणि ते ऐकत,’ असे ते म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर आठ वर्षांचा झाला होता.

वहीतल्या नोंदींकडे वळू. तिसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘गर्मी’ हा आहे. मे महिन्यात संथ चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला वारा मिळत नाही. इंजिन तापते, आणि टाकीतून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीतले पेट्रोल तिथेच उकळून वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला असतो, वाफ त्याला ओढता येत नाही. मग गाडी चौपडीच्या मधोमध, राजेशाही थाटात, मुकाट्याने बंद पडते. त्यावर उपाय विलायती पुस्तकात नाही. बाजूच्या दुकानातून सुती फडके मागावे, पाण्यात भिजवावे, पंपावर आणि नळीवर गुंडाळावे, बॉनेट उघडे टाकावे आणि एक चहा प्यावा. चहा संपतो तोवर वाफेचे पुन्हा पेट्रोल झालेले असते. वहीत एका पानावर लागोपाठ सहा तारखांपुढे बडी चौपड, गर्मी, बडी चौपड, गर्मी अशा नोंदी आहेत, आणि सातवीपुढे वडिलांनी लिहिले आहे, की आज चहावाल्याने फडके आधीच भिजवून ठेवले होते.

दुसरा वारंवार येणारा शब्द ‘गॅस्केट’. इंजिनाच्या दोन लोखंडी भागांमध्ये तेल झिरपू नये म्हणून बसवावयाचा हा कागदी पापुद्रा अमेरिकेत दुकानात मिळे. इथे मिळणे शक्य नव्हते. तेव्हा म्हातारे मिस्त्री जाड कागद इंजिनाच्या उघड्या तोंडावर अंथरीत आणि गोल टोकाच्या हातोडीने कडांवरून अगदी हलके ठोके देत जात. लोखंडाची कडच खालून कात्री होई. छिद्राछिद्रांतून गोल चकत्या गळून पडत, आणि पाच मिनिटांत डेट्रॉइटच्या साच्याचा हुबेहूब पापुद्रा तयार. पत्र्याला पोचा आला की आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून ठोकावयाचे, हे तर ज्या शहरात ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, ठोक्यांवर पिढ्या वाढल्या तिथे नवे नव्हतेच. मनिहारांच्या रस्त्यावर लाखेची बांगडी निखाऱ्यावर फिरवीत गोल करणारा हात आणि रबराची पट्टी तापवून काचेच्या वळणाला बसविणारा हात, हे चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाही.

मात्र ही कारागिरी नेहमी प्रेमापोटीच झाली असे म्हणणे बरोबर नव्हे. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, १९७३ नंतर पेट्रोल कडाडले, आणि लिटरला चारपाच किलोमीटर चालणारी गाडी पोसणे हत्ती पोसण्याइतकेच अवघड होऊन बसले. देशभर कित्येक मालकांनी आठ सिलिंडरांचे इंजिन काढून भंगारात दिले आणि त्या जागी मालवाहू गाडीचे डिझेल इंजिन बसविले; बाहेरून पंख तेच, आतून मात्र पाणी उपसण्याच्या यंत्राचा खडखडाट. कित्येक गाड्या लग्नाच्या वरातीपुरत्या उरल्या. ह्या गोष्टी सांगताना शौकीन मंडळींचा आवाज खाली जातो. पण त्या डिझेलनेच गाडी भंगारात जाण्यापासून वाचली, हेही तेच कबूल करतात.

आता काळ पुन्हा पालटला आहे. राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या वतीने जयपुरात जुन्या गाड्यांची रॅली भरते, आणि तिच्यात ब्युईक, पॅकार्ड, कॅडिलॅक, फोर्ड ह्यांना पाहण्यास गाव लोटते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम दुरुस्त करून पन्नास वर्षांवरील गाड्यांना स्वतंत्र दर्जा दिला: नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही खूण, आणि रोजच्या वापरास किंवा धंद्यास मनाई. अट एवढीच, की चौकट, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्याआधी दोन वर्षे, २०१९ साली, युनेस्कोने जयपूरच्या तटबंद शहरास जागतिक वारशाचा मान दिला होता. म्हणजे गल्ली आणि गाडी, दोघींनाही जवळजवळ एकाच वेळी सनद मिळाली, आणि दोघींनाही एकच कलम लागू झाले: मूळ रूप बदलू नये. परंतु डिझेलच्या हृदयावर चार दशके जगलेल्या गाडीला त्या सनदेत जागा नाही. जी आपले मूळ इंजिन राखू शकली ती वारसा. जिने जगण्यासाठी ते विकले ती केवळ जुनी गाडी. हा न्याय कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण लाल वहीत ज्या अडचणी टिपल्या आहेत, त्या वाचल्यावर तो पुरा वाटत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा दुकानांचे दिवे लागले होते. यजमानांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, मग मान मागे वळवून, एक हात बाकाच्या पाठीवर टाकून, त्या दोन पंखांवर नजर ठेवीत तिला इंचाइंचाने आत घेतले, आणि हवेलीच्या देवडीत, जिथे पूर्वी रथ उभा राहत असे, तिथे बंद केले. इंजिन थांबल्यावरही तापलेले लोखंड बराच वेळ टिकटिक करीत होते. घरात येऊन त्यांनी वही उघडली, टाक म्हणून वापरावयाचे वडिलांचे फाउंटन पेन काढले आणि पहिल्या रकान्यात तारीख घातली. दुसऱ्या रकान्यापाशी ते थबकले. गाडी आज कुठेच बंद पडली नव्हती. थोडा वेळ विचार करून त्यांनी पेनाला टोपण लावले, आणि जरा खट्टू होऊन म्हणाले, ‘आज तर लिहायला काहीच नाही.’